लोणारच्या काठी : खबर, इल्म आणि हिकमत



आपण मराठीत रोज वापरतो त्यांपैकी कितीतरी शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि इथलेच होऊन गेले. ‘खबर’ हा त्यांपैकी एक. ‘मालूम’ आणि ‘तालीम’ हे आणखी दोन. अरबी भाषेत ‘मालूम’, ‘तालीम’ आणि ‘इल्म’ हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून झाले आहेत. जे कळले ते मालूम, शिकवण्याची क्रिया ती तालीम आणि या सगळ्यातून माणसाच्या पदरी जे पडते ते इल्म. मराठीने ‘तालीम’ हा शब्द घेतला तो मुख्यतः पहिलवानांच्या आखाड्यासाठी. वरवर पाहता हा अर्थ दूरचा वाटतो. परंतु विचार केला तर तो फारसा दूर नाही. रोज घाम गाळल्याशिवाय अंगात बळ येत नाही आणि घासून पाहिल्याशिवाय माहितीचे ज्ञान होत नाही.

चौथा शब्द ‘हिकमत’. हकीम, हाकीम आणि हुकूम हे त्याच कुळातले. मराठीत हिकमत म्हणजे युक्ती. मुळात मात्र हिकमत म्हणजे शहाणपण, कोणत्या वेळी काय करणे योग्य हे ओळखण्याची शक्ती.

खबर, इल्म आणि हिकमत. किंवा माहिती, ज्ञान आणि शहाणपण म्हणा. पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आणि तेथून तिसऱ्या पायरीवर माणूस कसा चढतो, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक संस्कृतीने स्वतःला विचारला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरच्या पलीकडे, लोणारचे सरोवर आहे. या एका खोलगट जागेकडे निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांनी पाहिले आणि आपापल्या परीने तिचा अर्थ लावला. त्या अर्थांचा इतिहास म्हणजे ज्ञान कसे घडते याचा एक उत्तम धडा होय.

कथेत जपलेली माहिती

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. काठावरून तळापर्यंतची खोली सुमारे दीडशे मीटर भरते. तळाशी खारे पाणी आहे आणि वरच्या अंगाला धारेचे गोड पाणी आहे. सपाट मुलखात एकाएकी एवढा मोठा, वाटोळा खड्डा पाहून माणसाच्या मनात प्रश्न उभा राहणारच.

सर्वांत जुने उत्तर पुराणकथेचे आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहत होता. विष्णूने त्याच्या बिळावरचे झाकण उडवून त्याला मारले आणि त्याचे रक्त म्हणजेच हे पाणी, अशी ती कथा सांगते. गावात दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आहे ते याच कथेच्या आधाराने. या कथेला शास्त्र म्हणता येणार नाही हे खरे. परंतु तिच्यात टिपलेल्या गोष्टी पाहा. पाणी खारट आहे, हे दैत्याच्या नावातच आले. ही जागा एका प्रचंड आघाताने उघडी पडली, हे झाकणाच्या प्रसंगात आले. ज्या काळी लिहिणे-वाचणे फार थोड्यांना येत असे, त्या काळी लोकांनी आपले निरीक्षण कथेच्या गाठोड्यात बांधून पुढच्या पिढीकडे दिले. म्हणून जुन्या कथेला हसणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे, आणि तिच्यापाशीच थांबणे हेही तसेच.

मीठ काढणाऱ्यांचे ज्ञान

कथा सांगणाऱ्यांच्या शेजारीच दुसरी माणसे होती. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी आटू लागले की काठावर आणि चिखलात क्षार जमे, आणि तो काढून विकणे हा त्यांचा धंदा होता. या लोकांनी सगळ्या क्षाराला एकच ‘मीठ’ म्हटले नाही. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे त्यांनी ठेवली. यांपैकी ‘निमक’ फारसी आहे, ‘पापडी’ आपली मराठी आहे. धंद्याच्या बोलीत दोन्ही भाषा भांडण न करता शेजारी बसल्या.

एकाच जागी मिळणाऱ्या पदार्थाचे असे प्रकार पाडणे, हे ज्ञानाचे पाऊल आहे. ‘पाणी खारट आहे’ ही झाली खबर. ‘हा प्रकार निराळा, तो प्रकार निराळा, आणि याला भाव किती, त्याला किती’ हे झाले ज्ञान. ते ज्ञान हाताने मिळवलेले होते, जिभेने व डोळ्याने तपासलेले होते. आज रसायनशास्त्र सांगते की या पाण्यात साध्या मिठाबरोबर सोडियम कार्बोनेट, म्हणजे सोडा, विरघळलेला आहे, आणि म्हणून हे पाणी नुसते खारे नसून अल्कधर्मी आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला हा ‘अल्कली’ शब्द अरबी ‘अल्-किली’वरून युरोपात गेला आणि तेथून आपल्याकडे परत आला. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांच्या राखेपासून मिळणाऱ्या क्षाराचे ते नाव. अरब कारागीर त्याचा उपयोग काच आणि साबण करण्यासाठी करीत.

अबुल फजलच्या वहीतील नोंद

काच आणि साबण हे शब्द आपल्याला लोणारकडे परत आणतात. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात आले. अकबराचा मंत्री अबुल फजल याने साम्राज्याचा जो प्रचंड तपशील ‘आईन-ए-अकबरी’ या फारसी ग्रंथात मांडला, त्यात वऱ्हाडच्या सुभ्याच्या वर्णनात लोणार येते. लोणार हा मेहकरचा भाग आहे, हे तीर्थस्थान आहे आणि ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, असे तो नोंदवतो. भोवतालच्या डोंगराची आणि खाऱ्या-गोड्या पाण्याची हकीकत देतो. काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ येथे मिळतात, सोरा निघतो आणि त्यावर सरकारला चांगले उत्पन्न होते, हेही तो सांगतो.

या नोंदीचे महत्त्व कशात आहे? तीर्थयात्री, कारागीर आणि महसूल गोळा करणारा अंमलदार हे तिघे एकाच काठावर उभे होते, पण तिघांच्या माहितीची गाठ पडली नव्हती. अबुल फजलने ती एकाच पानावर आणली. दुसऱ्याच्या श्रद्धेची गोष्ट त्याने गाळली नाही आणि तिची थट्टाही केली नाही.

याच अबुल फजलने ‘अयार-ए-दानिश’ हे पुस्तक लिहिले. त्यातल्या गोष्टी मुळात आपल्या पंचतंत्रातल्या. सहाव्या शतकात त्या संस्कृतातून पहलवी भाषेत गेल्या, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्या ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणल्या, तेथून त्या फारसीत आल्या आणि अकबराच्या दरबारात पुन्हा हिंदुस्थानात पोचल्या. ज्ञानाला पासपोर्ट लागत नाही, आणि ते परक्याच्या घरून आले म्हणून बाटत नाही, हे त्या काळच्या विद्वानांना पक्के ठाऊक होते.

तुला कसे कळले?

पण लिहून ठेवले म्हणजे झाले का? नाही. लिहिलेली गोष्ट खरी आहे की नाही हे तपासावे लागते. या बाबतीत दोन थोर परंपरांनी एकच प्रश्न विचारला.

आपल्या हदीसशास्त्राच्या पंडितांनी ठरवले की कोणतेही वचन आले की आधी त्याची सनद पाहायची. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, ते दोघे खरोखर भेटले होते का, सांगणारा सचोटीचा आणि चांगल्या स्मरणशक्तीचा होता का, हे सारे पारखायचे आणि मगच वचन स्वीकारायचे. हजारो निवेदकांची चरित्रे याच कामासाठी लिहिली गेली. इकडे गौतमाच्या न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यातही शब्द कोणाचा मानायचा, तर आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच : तुला हे कसे कळले?

या प्रश्नाचा उत्तम उपयोग करणारा विद्वान म्हणजे अल्-बिरुनी. त्याचा जन्म ९७३ सालचा, ख्वारिझमचा. हिंदुस्थानविषयी लिहायचे तर हिंदुस्थानची विद्या तिच्याच भाषेत वाचली पाहिजे, म्हणून तो संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला आणि सुमारे १०३० साली त्याने आपला ग्रंथ पुरा केला. त्यातले एक निरीक्षण पाहा. डोंगराजवळ नदीच्या पात्रात मोठे दगड असतात, पुढे प्रवाह मंदावतो तसे ते लहान होत जातात आणि मुखाजवळ नुसती वाळू उरते, हे त्याने नमूद केले. दगड तर लाखो लोकांनी पाहिले होते. बिरुनीने त्यांच्या आकाराचा क्रम लक्षात घेतला आणि अनुमान काढले की उत्तरेचे हे विस्तीर्ण मैदान नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाने भरून आले आहे. आजचे भूशास्त्र या अनुमानाला मान डोलावते. पाहिलेल्या गोष्टींमधला संबंध शोधणे, हीच खबरीपासून इल्मपर्यंतची वाट.

चुकत चुकत सत्याकडे

आता पुन्हा लोणारला येऊ. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेच्या वेगळेपणाची नोंद केली. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, आणि त्यानंतर भूशास्त्रज्ञ येथे येऊ लागले. त्यांचा निष्कर्ष असा की हे ज्वालामुखीचे तोंड आहे. यात त्यांचे फारसे चुकले असे म्हणता येणार नाही. सारे वऱ्हाड ज्या काळ्या दगडावर वसले आहे तो बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हाच होय. लाव्हाच्या प्रदेशात खड्डा दिसला, तर ज्वालामुखीचीच आठवण होणार.

ही समजूत सातासमुद्रापलीकडे गेली. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात असाच एक वाटोळा खड्डा आहे. गिल्बर्ट नावाच्या नामांकित भूशास्त्रज्ञाने तो तपासला. उल्का पडून खड्डा झाला असेल, ही शक्यता त्याने स्वतः विचारात घेतली, मोजमापे केली, चुंबकाने लोखंडाचा शोध घेतला. आणि पुरावा मिळाला नाही म्हणून ती सोडून दिली. १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने तो खड्डा ज्वालामुखीच्या वाफेने झाल्याचे म्हटले आणि तसाच दुसरा नमुना म्हणून आपल्या लोणारचा दाखला दिला. दोन्ही ठिकाणचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला! तरीही गिल्बर्टला कोणी नावे ठेवीत नाही. त्याने आपली पद्धत उघडपणे मांडली होती. म्हणूनच मागून येणाऱ्यांना तिच्यातली उणीव सापडू शकली.

१९६० मध्ये शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांना ॲरिझोनाच्या खड्ड्यात प्रचंड दाबाखालीच तयार होणारे खनिज सापडले आणि तो खड्डा उल्कापाताचा ठरला. लगेच लोणारकडे पुन्हा लक्ष गेले. १९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ या शास्त्रज्ञांनी लोणारचा खड्डाही उल्कापाताचा असावा का, हा प्रश्न जाहीरपणे विचारला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते आणि अमेरिकेतील संशोधक यांनी मिळून सरोवराच्या तळातून छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढले. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नमुन्यांत त्यांना मॅस्केलिनाइट हा पदार्थ सापडला होता. खडकातल्या एका स्फटिकावर जबर धक्क्याचा दाब पडला की त्याची आतली रचना मोडते आणि त्याची काच बनते. ती ही काच. ज्वालामुखीच्या उष्णतेने ती होत नाही. लोणार उल्कापाताने झाले, हे यावरून सिद्ध झाले.

योगायोग असा की १९६९ साली माणूस चंद्रावर पोचला होता आणि तेथून आणलेले दगडही बेसॉल्टचे निघाले होते. बेसॉल्टमध्ये उल्का आदळल्यावर काय होते, हे पृथ्वीवर पाहायचे तर लोणारसारखी जागा फार दुर्मिळ. ज्या काठावर कालपर्यंत मीठ काढीत होते, तो काठ चंद्र समजून घेण्याची प्रयोगशाळा झाला.

वयाच्या बाबतीतही तसेच घडले. लोणार सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वीचे, असे बरीच वर्षे सांगितले जाई आणि अनेक पुस्तकांत ते आजही छापलेले दिसते. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले, आणि त्यातही ४७ हजार वर्षांचा फरक इकडे-तिकडे असू शकतो, असे शास्त्रज्ञांनी स्वतःच सांगितले. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. आपल्याला किती कळले हे सांगताना किती चुकू शकते हेही जो सांगतो, तो खरा जाणकार.

गुलाबी पाणी आणि आपले कर्तव्य

२०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते, लोक आधीच धास्तावलेले होते. छायाचित्रे घरोघरी पोचली आणि त्यांच्याबरोबर नाना तर्क. कोणी कोप म्हणाले, कोणी शकुन म्हणाले. ही झाली खबर, आणि आजच्या काळात ती वाऱ्यापेक्षाही वेगाने धावते. काही लोकांनी मात्र पाण्याचे नमुने घेतले आणि ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. फार खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या अंगच्या रंगामुळे हा बदल झाला होता. पाणी आटून खारटपणा वाढला, तशी त्या जीवांची वाढ झाली. नमुना काही दिवस स्थिर ठेवला, तेव्हा ते जीव तळाशी बसले आणि पाणी पुन्हा नितळ झाले. गूढ उकलले, आणि सरोवराचे कौतुक त्यामुळे कमी न होता वाढलेच.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण दर्जा मिळणे ही हिकमत नव्हे. वस्तीचे सांडपाणी, वेडी बाभळीचा फैलाव, काठावरची वर्दळ यांचा त्रास या सरोवराला झाला आहे. सरोवराच्या रक्षणासाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागावी लागली. लाखो वर्षे टिकलेली गोष्ट एका पिढीच्या हलगर्जीपणाने बिघडू शकते. जे कळले त्याची जबाबदारी उचलणे, ही तिसरी पायरी. ज्ञान सांगते की हे पाणी जगात दुर्मिळ आहे. त्यात प्लास्टिकची पिशवी टाकू नये, हे सांगते शहाणपण.

पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी

पालकहो, मुलगा किंवा मुलगी शाळेतून आली की ‘किती मार्क पडले?’ हा प्रश्न आपण विचारतोच. त्याला एक छोटी जोड द्या. ‘आज काय शिकलीस, आणि ते खरे कशावरून?’ असे विचारा. पाठांतराला मी कमी लेखत नाही. स्मरणशक्तीवरच आपल्या परंपरेचा केवढा ठेवा टिकून राहिला आहे. परंतु पाठ केलेली गोष्ट तपासायची सवय लागली नाही, तर मूल माहितीचे कोठार होईल, जाणकार होणार नाही. आणि ही सवय मुलाला लागावी तशी मुलीलाही लागावी, कारण घरातली पहिली तालीम तिच्याच हातून होणार आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एक काम सांगतो. मीठ काढणाऱ्यांनी ठेवलेली ती पाच नावे आज आपल्याला माहीत आहेत, कारण कोणीतरी ती कागदावर उतरवली. त्यांचे बाकीचे ज्ञान, म्हणजे कोणता क्षार कोणत्या महिन्यात धरतो, तो कसा ओळखायचा, कसा वाळवायचा, यातले पुष्कळसे त्यांच्याबरोबर गेले. आपल्या घरोघरी असेच ज्ञान आज जिवंत आहे. कापूस पिंजणारा, विहीर खोदणारा, रंगारी, बागवान, सुईण, गोधडी शिवणारी आजी यांना जे माहीत आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही. या सुट्टीत एक वही घ्या. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि त्याचा धंदा, त्याचे शब्द, त्याची हत्यारे लिहून घ्या. कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, हे वर नीट लिहा; ती तुमच्या वहीची सनद. मग तीच गोष्ट दुसऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा आणि फरक पडला तर तोही लिहा.

आणि शाळेची सहल लोणारला गेली, तर नुसती छायाचित्रे काढून परतू नका. काठावरचा दगड निरखून पाहा, पण उचलून घरी आणू नका. धारेचे पाणी आणि सरोवराचे पाणी यांत फरक का, असे गुरुजींना विचारा. त्यांना उत्तर ठाऊक नसेल, तर दोघे मिळून शोधा.